बॅटरीवरची ओळ

दादा,

वीजजोडणी न घेता माझं घर चालतं. छतावर सोलर, खाली तुमच्याच कारखान्याची बॅटरी, तिच्यावर सहा वॅटचा संगणक. सगळं मी एकट्याने जोडलंय.

काल बॅटरीत पाणी घालायला बूच उघडलं आणि ॲसिड तोंडावर उडालं. बॅटरीवर आपल्या भाषेत छापलंय, ‘आधी चष्मा घाला.’ ती ओळ वाचून चष्मा घातला होता, म्हणून डोळे वाचले.

तीच ओळ आपल्या भाषेत छापावी म्हणून तुमच्या युनियनने एकवीस दिवस संप केला, तेव्हा मी तिथली नोकरी सोडून निघालो होतो. गेटवर सगळ्यांदेखत म्हणालो, “एका ओळीसाठी संप? वाचणार कोण?”

“तू वाचशील की, शहाण्या,” तू म्हणालास.

हे पत्र पाठवत नाही. टोमणा चारचौघांत मारला, मग माफी पाकिटातून कशी मागू? उद्या पाळी सुटताना गेटवर येतो.

तुझा,
धाकटा