चतकोर गोळी

पार्से, एप्रिल

प्रिय विनू,

सर्वप्रथम तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार. लाटंबार्शाहून तू धाडलेल्या कैरीच्या मिस्कुट लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडता उघडता माझे धर्म, अर्थ आणि काम हे तिन्ही पुरुषार्थ खर्ची पडले. चौथा, मोक्ष, त्या झाकणाला अजून मिळालेला नाही. शेजारच्या बाबलीने बरणी गुडघ्यांत धरून पाहिली, पोदेराने पाव देता देता हात लावून पाहिला. अशी झाकणं लावणाऱ्या बाईशी संसार करणाऱ्या भावोजींना माझी सहानुभूती कळव.

बाकी ठीक. काजूची बोंडं पिकली आहेत. दुपारी तो आंबूस-गोड वास ओसरीभर पसरतो आणि नववीचे संस्कृतचे पेपर तपासता तपासता माझे डोळे मिटतात. परवा तशाच झोपेत आपण दोघं दिसलो. आठवतं? दुकानातून उधार आणलेला गुळाचा खडा आई शिंक्यात टांगून ठेवायची. शनिवारी बाबा दुकानदाराचे पैसे चुकते करून येईपर्यंत तो परका. आपण खाली उताणे पडून त्याच्याकडे बघत राहायचो, वाऱ्यावर शिंकं हळूहळू फिरायचं, आणि तू म्हणायचीस, दादा, मुंग्यांना कुणी उधारीचं सांगितलं नाही वाटतं.

आई इस्पितळातून घरी आली तेव्हा हृदयाच्या पहिल्या महिन्याच्या गोळ्यांची किंमत ऐकून मी गोकुळदासच्या फार्मसीत खुर्ची मागून घेतली. पुढच्या महिन्यांची औषधं स्वस्त, ही पहिलीच तेवढी महाग. एका पगारात काही बसेनात. गोकुळदास भला माणूस. म्हणाला, मास्तर, गोळ्या आज सगळ्या न्या, पैसे चार महिन्यांत सारखे वाटून द्या. म्हातारी माणसं असलेल्या घरांना मी असंच देतो. मी पहिला हप्ता दिला आणि घरी येऊन आईला ही व्यवस्था सूत्र, वृत्ती आणि उदाहरणासह समजावली. चार भाग, एक फिटला, तीन उरले. आईने मान डोलावली. इतकी एकाग्र मान मला वर्गात आजवर लाभलेली नाही.

तीन आठवड्यांनी तिच्या पायांना सूज आली. त्याच दिवशी पूजेला बसलो आणि देवापुढचा पितळी डबा उघडला. आत मऊ फडक्यावर गोळ्या, वीस-एकवीस तरी असतील. प्रत्येकीचा चतकोर अडकित्त्याने कापून घेतलेला. उरलेल्या पांढऱ्या, दशमीच्या चंद्रासारख्या, ओळीने मांडलेल्या.  मागून आई अगदी शांतपणे म्हणाली, चवथ्या वांट्याचे पयशे फारीक केले, चवथो वांटो खाल्लो. उरिल्लो आमचो कसो रे कृष्णा?

गुळाचा खडा मला स्वप्नात दिसतो, पण गोकुळदासच्या दुकानात बसलो असताना आठवला नाही.

डॉक्टर माझ्यावर रागावले, ते बरोबरच होतं. गोकुळदासने बिचाऱ्याने सगळे पैसे पावले असा कागद लिहून दिला. आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, गोकुळदासाकय फटी मारूंक लायलें रे तुवें? तिच्या लेखी तो कागद खोटाच. आता गोळी मी समोर उभा राहून देतो. ती जिभेवर ठेवते, माझ्याकडे बघून गोड हसते आणि अंगणात जाते. काल जास्वंदीच्या मुळाशी एक पांढरा ठिपका दिसला. वाकून पाहिलं, अर्धी विरघळलेली गोळी होती.

फोन तिच्या खुर्चीजवळच आहे, बोललेलं सगळं तिला ऐकू जातं, म्हणून हे पत्र. तुमच्याकडे काजूचा हंगाम ऐन भरात आहे हे ठाऊक असून लिहितो: चार दिवस का होईना, ये. तुझ्या हातून घेतलेलं ती थुंकणार नाही. वाया गेलेले तीन आठवडे हृदय भरून काढीलच असं नाही, असं डॉक्टर म्हणतात. दुपारी ती डोळे मिटून गेलेल्या बाबांशी काहीबाही बोलते, मग गप्प होते, आणि मी पेपर बाजूला ठेवून तिचा पदर श्वासाबरोबर हलतो आहे का ते बघत राहतो. समजावून सांगणं एवढंच मला आयुष्यात येतं, आणि तिला समजावतानाच मी चुकलो. विनू, ती जाईल याची मला भीती वाटते.

तुझाच,
कृष्णादादा