वारक, नेहारा आणि मामा

शुक्र. ९ जाने. तेलगाव

चिलखत झालं एकदाचं. जुन्या कूलरचा पत्रा, ठिबकच्या नळ्या, आतून खताच्या पोत्यांचं अस्तर, वरून काळा ऑइलपेंट. बापू बघून म्हणाले, "ह्यात शिरून ऊस तोडता येतो का?" आमच्या घरात विनोद इथवरच.

उद्या-परवा अंबाजोगाई. पॉप कल्चर महोत्सव, बायपासच्या त्या भल्यामोठ्या मंगल कार्यालयात. चार जिल्ह्यांतून पोरं येणार. कॉमिक्स, ॲनिमे, गेमिंग, वेशभूषा स्पर्धा. मी 'धूम्रदुर्ग' मालिकेतला वारक. नऊही सीझन बघितलेत, सबटायटल लावून. डबिंग बघणाऱ्यांशी मी बोलत नाही.

ऋतुजा त्याच मालिकेतली नेहारा होणार. (पुढं नुसतं ऋ. लिहितो. आईला वाचायला वेळ नसतो, पण तरी.) इंजिनिअरिंगला दोन वर्षं आम्ही मागच्या-पुढच्या बाकावर. तिसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरून आलेला सर माझ्या इंग्रजीला हसला. मी फाइल त्याच्या टेबलावर आपटली अन् घरी आलो, तो आलोच. ती राहिली. जूनमध्ये पुण्याला नोकरीवर जाईल. रोज फोनवर बोलणं होतं, पण फक्त धूम्रदुर्गावर. दुसऱ्या कशावर शब्द नाही.

या दोन दिवसांत विचारायचं. नाहीतर जून आहेच.

शनि. १०. अंबाजोगाई, दोस्त पव्याच्या खोलीवर

एस.टी.त चिलखत मावेना म्हणून मामांच्या पिकअपमध्ये आलो. मामा म्हणजे आईचे भाऊ, गेवराईचे. धंदा बोकडांचा, अन् मोकळ्या वेळात लोकांच्या सोयरिकी जमवायच्या. दोन्हीकडं दात बघूनच भाव करतात. मागं आठ बोकडं अन् मी. धारूरच्या घाटात एकानं खांद्याच्या पट्टीचा रंग चाटून काढला.

"हे काय घातलंस बे?"
"वारक हाय मामा."
"कोणत्या गावचा?"
"धूम्रदुर्गाचा."
"तालुका?"

गेटवर सोडल्यावरही मामा हलेनात. नटलेली पोरंपोरी, प्रत्येकाच्या छातीला नंबर, आत फुलांचं स्टेज. "हितंच झाला की मागल्या महिन्यात आपला वधू-वर मेळावा," म्हणाले. मी शिरस्त्राण बसवत होतो, लक्ष दिलं नाही.

उद्घाटन. नारळ, फीत, समई. उद्घाटक कुण्यातरी पुढाऱ्याचा पुतण्या. "कार्टूनमधूनच उद्याचे संस्कारी नागरिक घडतात." मग सत्कार. सत्काराशिवाय आमच्या जिल्ह्यात बोअरचं पाणीसुद्धा वर येत नाही. पुण्याहून एक पाहुणा आलेला, राक्षसाच्या वेशात, हातहातभर शिंगं. फेटेवाला दोन मिनिटं विचारात पडला. मग त्यानं शिंगांनाच फेटा गुंडाळला, मध्ये तुरा काढला. अन् ते येडं शाल पांघरून, हात जोडून फोटोला उभं.

आत तर जत्राच. रीलवाल्या एका बाईसोबत सेल्फीला ही रांग. कॉमिक्सच्या स्टॉलवर माश्या. चिलखतं सगळी ऑनलाइन मागवलेली, एकाच्या पाठीवर किमतीचं लेबल तसंच. एक जण मला म्हणतो,
"वारक दुसऱ्या सीझनला मेला ना भाऊ?"
"मेला नाही, तू बघायचं सोडलंस."

दुपारी ऋ. आली. साधा ड्रेस, सबमिशन करून थेट. म्हणाली, नेहारा उद्या. चिलखतावर टकटक वाजवून बघितलं. "पत्रा? खरा पत्रा?" त्यानंतर मला ऊन लागेना.

पावभाजी खाल्ली. मी सगळ्यांना शिव्या घालत होतो, ती ऐकत होती.
"दत्ता, तू एवढा का चिडतोस?"
"हे फॅन नाहीत."
"मग कोण आहेत?"
"वऱ्हाडी."
हसली. तेव्हाच विचारायचं. तोंड उघडलं तेवढ्यात एक कारटं फोन घेऊन मध्ये, "ब्रो, एक डायलॉग म्हण ना." ब्रो! त्याला हाकलेपर्यंत तिची मैत्रीण तिला घेऊन गेली.

संध्याकाळी आईचा फोन. आवाज गूळ झालेला. "केस नीट विंचर. उद्या जरा हसत ऱ्हा. देव करो अन् जमो." मला वाटलं स्पर्धेचं म्हणतीय. आई अन् स्पर्धा! तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

रवि. ११

आजचं आजच लिहून टाकतो.

स्पर्धा अकराला. सूत्रसंचालक कोण, तर जो वधू-वर मेळाव्यात असतो तोच. जिल्ह्यात माइक एकच आहे की काय. सवय कुठं जाणार. "उपवर... आपलं, स्पर्धक क्रमांक चाळीस, या. नाव, गाव, शिक्षण सांगा."
"वारक."
"खरं नाव, खरं नाव."
"दत्ता. तेलगाव."
"शिक्षण?"
"सोडलं."
हशा. डबिंगवाले सगळे हसले. परीक्षकानं चिलखताकडं बघितलंसुद्धा नाही, तो फोनवर होता.

मग ऋ. नेहारा. कपाळावर वेल्डिंगचा चष्मा, हातात खरा मोठा पाना, गालावर काजळीचा पट्टा. नाव, शिक्षण सांगून झाल्यावर नुसती पाना खांद्यावर टाकून उभी राहिली, पाचव्या सीझनमध्ये पुलावर उभी राहते तशी. मला घाम फुटला, पत्र्याच्या आत.

ती खाली उतरली. मी तिच्याकडं निघालो. ठरलं होतं माझं, हिथंच, ह्याच वेशात. अन् समोर मामा.

नवं जाकीट, इस्त्रीचं धोतर, मागं मामी जरीच्या लुगड्यात, हातातल्या पिशवीत माझ्या बायोडाट्याच्या प्रती. काल गेटवर बघितलं त्यावरून मामांनी ठरवूनच टाकलेलं की हा मेळावाच आहे, अन् मी घरी न सांगता, लाजून, आपलं आपण नाव नोंदवलंय. आईला त्यांनीच फोन केलेला. सकाळपासून दोघं पहिल्या रांगेत बसून पोरी बघत होते. राक्षसिणीसुद्धा.

मी पोचेपर्यंत ते ऋ.पाशी पोचले. मला चार पावलांवर सगळं ऐकू येत होतं.

"पाना तुमचाच का बाळ?"
"माझाच." ती हसून. परीक्षकांपैकी कुणी असतील असं वाटलं तिला.
"वडलांचं गॅरेज हाय का?"
"नाही, शिक्षक आहेत."
"वा. इंजिनेर म्हणलीस वरी. उंचीबी हाय." मामीकडं वळून, "कामाची दिसती." मग तिला, "आडनाव काय म्हणलीस?"

तिनं सांगितलं.

मामांचा चेहरा काही वाईट झाला नाही. तेच मला सहन होत नाही. बोकड आवडलं पण भाव बसला नाही की होतो तसा झाला, मोकळा. "बरं बरं. चांगलं शिक बाळ." अन् मामीला, हळू नाहीच, "आपल्यात बसत न्हाई. चल म्होरं."

ऋ.चं हसू तिथंच राहिलं, उतरायचं विसरून. तिला तेव्हा कळलं.

मग मी वरडलो. शिरस्त्राण काढून आपटलं, पत्र्याचा आवाज अख्ख्या हॉलभर. "मामा, मला हीच करायचीय! बसत नसंल तर तुमी उठा!"
"कावून वरडायलास? लोक बघायलेत."
"बघू द्या! हीच! दुसरी न्हाई!"

शंभरेक फोन वर. रीलवाली रांग सोडून सगळे इकडं. कुणीतरी शिट्टी मारली. मला वाटत होतं मी वारक आहे. खरं सांगतो, छाती फुगलेली.

ऋ.नं चष्मा काढला.
"मी काय बोकड आहे का? एकानं दात बघून सोडायचं अन् दुसऱ्यानं दावं धरायचं?"
"ऋतुजा, मी तर तुझ्या बाजूनं..."
"मामांनी निदान विचारलं तरी मला. आडनाव का होईना. तू काय विचारलंस?"

गेली. पाना तसाच खांद्यावर. गर्दीनं वाट दिली तिला, टाळ्या वाजवल्या हरामखोरांनी. त्यांना वाटलं स्पर्धेतला प्रवेश आहे. उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर झालं आम्हा दोघांना. घ्यायला कुणी गेलं नाही. मामी निघाली होती, मामांनी बसवलं, उरलेल्या पोरी बघायला.

सोम. १२. तेलगाव

परत पिकअपमध्येच. बोकडं विकली गेलेली, मागं मी एकटा. धारूरला मामांनी गाडी थांबवून पुढं बसवलं, चहा पाजला. मग बोलले.
"पोरगी बोलली त्यात खोट न्हाई. मला तिचा राग न्हाई बे. पर तुझ्या बापाला कोण सांगंल? मी? मला गेवराईत ऱ्हायचंय."
"भ्या वाटतं का?"
"वाटतं की." चहा फुंकून, "तुला न्हाई वाटत, म्हणून तू वरडतूस. जिला इचारायचं तिला न्हाई इचारलं, मला वरडला."

मामांकडून शिकायची वेळ आली. धन्य.

व्हिडिओ आमच्या आधी गावात पोचलेला. बापूंनी बघितला. जेवताना माझ्याकडं पाठ करून ताट घेतलं. आई रडली. आधी मी मेळाव्याला गेलो नव्हतो म्हणून, मग पोरीचं आडनाव कळलं म्हणून.

मंगळ. १३

ऋ.ला लिहिलं, पुसलं. लिहिलं, पुसलं. 'सॉरी' हा शब्द पाठवणाऱ्यांची मला किळस येते. एका मेसेजमध्ये मी तिला मामा कसे अडाणी ते समजावत होतो, हे पाचव्या ओळीला लक्षात आलं. पुसलं.

चार वर्षांची ओळख. वारकाच्या तलवारीवर किती खाचा ते आम्हा दोघांनाही पाठ. पुण्याला ती कुठल्या कामावर चाललीय ते मला माहीत नाही. खरंच नाही माहीत. आत्ता लिहिताना...

बुध. १४

संक्रांत. ग्रूपवर सगळ्यांना गोड बोलायचा झटका आलाय. कालपर्यंत हेच माझा व्हिडिओ फिरवत होते. हाड.

सकाळी लाइट होती म्हणून ऊस भिजवायला गेलो. सरीत पाणी सोडून बारी लावली अन् मोटरीपाशी बसून एकच ओळ पाठवली. "तुला नेहाराच का व्हायचं होतं?"

दोन बाऱ्या झाल्या. तिसरीला तिचा मेसेज आला.

"तुझ्याशी काही संबंध नाही त्याचा. पुढचा प्रश्न."

पाणी बांधावरून शेजारच्या रानात गेलं. बापू तिकडून हाका मारायलेत, परवापासून पहिल्यांदाच. मी उठलो नाही अजून. पुढचा प्रश्न लिहिलाय, वारक-नेहारा नाही त्यात. बोट सेंडच्या बटणावर धरून बसलोय.