उंबरठ्यातली तांब्याची डबी

मी, सत्यभामा अजितसिंह कातळगडकर, वय सहासष्ट, माजी कातळगड संस्थानची धाकटी सून, सध्या राहणार शारजा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही आणि माझ्या अंगातही कोणी आलेले नाही. हे शेवटचे वकिलांना अनावश्यक वाटले, पण कातळगडला आधी तेच विचारतील, म्हणून राहू दिले आहे. इंग्रजी आणि अरबी प्रती वकील करतील. माझ्या माणसांत अर्थावरून वाद झाला तर मात्र हे मराठीच खरे धरावे.

कलम पहिले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मैत्रीण व्हेरोनिका हिने करावी. ती वसईची, कॉलेजच्या होस्टेलमध्ये माझ्या खोलीत होती, आणि पुढे इथल्या एका हॉटेलात नोकरीला आली. सासरी मला चेटकीण ठरवले तेव्हा माहेरच्यांनी "थोडे दिवस जाऊ देत" असे कळवले. व्हेरोनिकाने फोनवर विचारले, "पासपोर्ट आहे का गं तुझा? मग रडतेस काय? यल्ला, चल, बॅग भर!" माझी ठुशी आणि मोत्यांची नथ तिच्या मुलीला, क्रिस्टिनाला, द्यावी. क्रिस्टिना "आंटी, इट्स टू हेवी" म्हणेल. तरी द्यावी.

कलम दुसरे. शारजा औद्योगिक क्षेत्रातली माझी खानावळ, भांडी, व्हॅन आणि लायसन्समधला माझा हिस्सा यांसह, तुकारामला द्यावी. तुकाराम पहिल्या दिवसापासून माझ्या चुलीपाशी आहे. मी राजवाड्यात कधी भाताचे पाणीसुद्धा काढले नव्हते, हे त्याने आजवर कोणाला सांगितलेले नाही. मध्यंतरी समोरच्या खानावळवाल्याने माझी जुनी बातमी कुठूनशी मिळवली आणि वर्कशॉपच्या पोरांना सांगत सुटला, "वो औरत खाने में कुछ डालती है." पोरे तुकारामला विचारायला आली. तो म्हणाला, "घालतात की. तिरफळ घालतात. बांगड्यात घालायलाच लागतं." त्या शुक्रवारी इतकी गर्दी झाली की आम्हाला भात दुसऱ्यांदा शिजायला टाकावा लागला. तुकारामने तिरफळ कमी करू नये, एवढीच अट.

कलम तिसरे. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे बंधू, ज्यांना सगळे मामासाहेब म्हणतात, ते अजून माझ्या नावाने दाराला लिंबू-मिरची बांधतात असे ऐकते. त्यांना माझ्या खानावळीतून मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या यांचे एक मोठे पाकीट पाठवावे. मी गेल्यावर त्यांना त्याची गरज भासेल.

कलम चौथे. आता ज्या डबीवरून हे सगळे झाले तिच्याविषयी. माझ्या माहेरी, देवगडकडे, मुलाची नाळ वाळवून हळकुंडासोबत तांब्याच्या डबीत ठेवतात आणि घराच्या उंबरठ्याखाली पुरतात. पुरायची ती काकूने. मग पोर जगात कुठेही जावो, त्या उंबरठ्याला परत येते, असे आमच्याकडे मानतात. कातळगडची रीत वेगळी. तिथे नाळ सुईणच घेऊन जाते, घरातल्या कोणी तिला हात लावत नाही. मला ते ठाऊक नव्हते. जाऊबाईंचा धनंजय झाला तेव्हा डॉक्टरांची जीप घाटात अडकली होती आणि पोर माझ्याच हातात आले. मला स्वतःला मूल झाले नाही. ते ओले, गरम, किंचाळणारे पोर हातात धरले तेव्हा मला जे वाटले ते अजून वाटते. बारशाच्या दिवशी मी राजवाड्याच्या उंबरठ्याखाली डबी पुरली. जाऊबाई, म्हणजे आक्कासाहेब, माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या होत्या. झाकण त्यांनी लावले. "आमच्यात असलं करत नाहीत हो, मामंजींना सांगू नका," म्हणाल्या, आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो.

पुढे मामंजी वारले आणि गादीवरून दोन तट पडले. हक्क थोरल्यांचा होता, पण लोकांना आमचे यजमान हवे होते. विधानसभेचे तिकीटही त्यांनाच मिळणार असे दिसत होते. नेमकी तेव्हाच थोरल्या दिरांना कावीळ झाली. मामासाहेबांनी मांत्रिक आणला, त्याने उंबरठा उकरायला सांगितला, आणि डबी निघाली. चौऱ्याण्णवच्या दसरा दरबारात, सगळ्या मानकऱ्यांसमोर, मामासाहेबांनी ती उंच धरली.

"हे कोणी पुरलं?"

"मी पुरलं," मी म्हणाले. "ही धनंजयची नाळ आहे. आक्कासाहेबांना विचारा."

आक्कासाहेबांनी पदर सावरला आणि खाली पाहिले. एक अक्षर बोलल्या नाहीत.

यजमानांनी तिकीट नाकारले, आम्ही राजवाडा सोडला, आणि दुसऱ्या वर्षी ते गेले. त्यांच्या तेराव्याला बायका आपली पोरे माझ्यापासून पदराआड धरून बसल्या होत्या. ते मला फार लागले, आजही लागते. थोरले दीर मात्र महिन्याभरात ठणठणीत बरे झाले आणि पुढे बरीच वर्षे जगले. माझी करणी इतकी कच्ची, याचा कोणी विचार केला नाही.

कलम पाचवे. मागच्या महिन्यात धनंजय मला भेटायला आला. आता तो महाराज आहे, विधानसभेला उभे राहायचे म्हणतो. विरोधकांना जुने कात्रण सापडले आहे: ज्या घराने आपल्याच सुनेला चेटकीण ठरवले, त्याला मत द्यायचे का? म्हणून असे कधी घडलेच नाही, अशा मजकुराच्या कागदावर त्याला माझी सही हवी होती.

"काकीसाहेब, जस्ट एक सिग्नेचर. मॅटर खलास."

"घडलं ते घडलंच नाही असं कसं लिहू रे?"

त्याने कागद पुन्हा पाकिटात घातला. मग कोळंबीचे कालवण आणि भात जेवला, पुन्हा मागून घेतला. निघताना दारात थांबून म्हणाला, "त्या डबीत खरंच काय होतं?"

"आईसाहेबांना विचार," मी म्हणाले.

सांगणे सोपे होते. पण ते माझ्या तोंडून एकदा सांगून झाले आहे.

कलम सहावे. राजवाड्यात हल्ली मोठ्या लोकांची लग्ने होतात. त्याच्या देवडीत, म्हणजे मुख्य दरवाजाच्या इमारतीत, यजमानांकडून मला आलेला निम्मा हिस्सा आहे. आक्कासाहेबांनी येत्या दसरा दरबारात उभे राहून "ती डबी आम्ही दोघींनी पुरली" एवढे सांगितले, तर तो हिस्सा विनाअट धनंजयचा. न सांगितल्यास तो तालुक्याच्या सरकारी प्रसूतिगृहाला द्यावा, आणि बाळंतिणींच्या सोबतच्या बायकांची तिथे राहायची सोय करावी. लग्नाच्या वरातींनी त्यांच्या वाळत घातलेल्या दुपट्यांखालून जावे.

मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. मला तेवढी सवड नाही. म्हणून याची एक प्रत आजच आक्कासाहेबांना कुरिअरने पाठवत आहे. आक्कासाहेब, आपल्याला भीती कोणाची होती ते मला तेव्हाही कळत होते. भावाची होती. राग मात्र गेलेला नाही, तो जाण्यासाठी मी थांबलेही नाही. दरबारात आपण बोललात तर मी तिकीट काढून येईन आणि आपल्या हातचा चहा घेईन.

कलम सातवे. माझा अंत्यविधी इथेच, शारजात करावा. विमानाने परत नेऊ नये. एकदा जिला बाहेर काढले, तिला सामानासारखे आत घेऊ नये. धनंजय पोचला तर अग्नी त्याने द्यावा, नाही तर तुकारामने. नियमात बसत असेल तर अस्थी खोर फक्कानच्या समुद्रात सोडाव्यात. तेच पाणी पुढे देवगडला लागते.

कलम आठवे आणि शेवटचे. दरबारातून डबी मीच उचलून आणली. इकडे येताना कस्टमवाल्याने विचारले होते, "ये क्या है?" मी म्हणाले, "बच्चे का है." त्याने मुलगा कुठे आहे म्हणून मागे पाहिले आणि मला जाऊ दिले. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला उकरण्यासारखा उंबरठा नसतो. म्हणून ती मी खानावळीच्या दाराशी, कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली आहे. जवळजवळ तीस वर्षे कुंड्या बदलल्या, डबी तीच आहे. मागच्या महिन्यात धनंजय निघताना त्याच कुंडीपाशी उभा होता. त्याला वाटते तो सहीसाठी आला होता.

आक्कासाहेब बोलल्या तर डबी परत कातळगडच्या उंबरठ्यात पुरावी, आणि झाकण पुन्हा त्यांनीच लावावे. न बोलल्यास तुकारामने कुंडीला रोज पाणी घालावे आणि धनंजयसाठी भात थोडा जास्त टाकत जावा. पोर इथेच येत राहील.

माझ्या मर्जीने, चष्मा लावून, वर लिहिलेले सगळे पुन्हा वाचून सही करते.

(सही) सत्यभामा अजितसिंह कातळगडकर

आमच्यासमोर सही केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही, जेवण सोडून:
१. (सही) डेन्झिल, शेजारी, वरचा मजला
२. (सही) ममता, परिचारिका, अबुधाबी

ठिकाण: शारजा
दिनांक: २० ऑगस्ट २०२४