पाव्लिना काकूंच्या डेलिया आणि युरोपचा कायदा

प्रिय लोय्झे मामांस,

तुमच्या येर्नेयाचा सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींना आठवणीनं विचारलंय म्हणून सांगा. इकडे आई, बाबा, दोन्ही गायी आणि समस्त मधमाश्या खुशाल आहेत. मी तर खुशालीच्याही थोडी पुढे गेले आहे, ते का हेच सांगायला हे पत्र.

तुम्ही ऑस्ट्रियातून पाठवलेलं, आपोआप गवत कापणारं यंत्र सुरुवातीला फार सद्गुणी वागलं. बाबांनी त्याचं नाव 'मेव्हणा' ठेवलंय (राग मानू नका, प्रेमानंच ठेवलंय). रोज सकाळी ते आईला हाक मारून सांगत, "ऊठ गं, मेव्हणा चरायला निघाला!" पण गेल्या आठवड्यात मेव्हण्यानं हद्द ओलांडली आणि शेजारच्या पाव्लिना काकूंच्या डेलियांची मुंडकी उडवली. चर्चच्या जत्रेत वेदीवर ठेवायला काकूंनी त्या लेकरांसारख्या वाढवल्या होत्या. काकूंनी मेव्हण्याला शेपटीला धरावं तसं उचललं, खुराड्यात कोंबड्यांसोबत कोंडलं, आणि त्यांच्या अंगणातून आपल्या मधमाश्यांच्या घराकडे जाते त्या वाटेवर गवताची गाडी आडवी लावली. तुम्हाला माहीत आहेच, दुसरी वाट नाही, पलीकडे ओढा आहे. लिंडनची झाडं फुललेली, पोळी मधानं ठासून भरलेली, आणि बाबा हातात टोपी धरून कुंपणाशी उभे. बाबांना असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग ते कुंपणावरून ओरडले, "आमच्याही घरात वकील आहे म्हटलं!" (मी अजून वकील नाही, परीक्षा बाकी आहे. पण आठवीपुढे कोणी न गेलेल्या घरात हा फरक कोण ऐकणार?) मामा, तेव्हा माझा ऊर भरून आला. कारण हा साधा भांडणाचा प्रश्न नव्हताच. यंत्र आपल्या मर्जीनं वागलं तर नुकसान कोणी भरायचं, मालकानं, कारखान्यानं की त्यातल्या अकलेच्या लेखकानं, यावर युरोपभरचे प्राध्यापक अजून डोकी फोडून घेताहेत. ल्युब्ल्यानाच्या विद्यापीठात मी याच विषयावर प्रबंध लिहिला, आणि तो विषय चालत चालत आमच्या कुंपणाशी आला!

रविवारी प्रार्थनेनंतर काकूंच्या अंगणात निम्मं गाव जमलं. मी म्हटलं, रोमन काळापासून नियम आहे, मधमाश्यांचा थवा उडून शेजाऱ्याच्या झाडावर बसला तर मालकानं त्याच्यामागे शेजाऱ्याच्या जमिनीत जावं, थवा आणावा, आणि झालेलं नुकसान भरावं. स्वतःच्या मनानं फिरणारं यंत्र म्हणजे तरी काय, एक थवाच! पाद्रीबुवांनी मान डोलावली. बाबांनी तर टाळीच वाजवली.

काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, माशी फुलावर बसते तर मध देते. ह्या तुझ्या मेव्हण्यानं मला काय दिलं? देठं!"

मग गावाकडे वळून, "आणि नुकसान मालकानं भरायचं म्हणालीस ना? ऐकलंत ना रे सगळ्यांनी? बोल श्तेफान, भरतोस?"

श्तेफान म्हणजे आपले बाबा, ते माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घालून "भरावं लागेल, बाबा" म्हटलं. (कायदा आपल्यापुरता वाकवायचा असता तर शिकले कशाला?) शेवटी ठरलं ते असं: या हंगामाचा पहिला मध काकूंचा, आणि पुढच्या वसंतात पहिला थवा उठेल तोही काकूंचा. हातावर हात पडले, नाशपातीची दारू फिरली, गाडी बाजूला झाली. बाबा थवा हरून घरी आले ते गावभर सांगत, "आमच्या येर्नेयानं मिटवलं!" आणि रात्रभर म्हणे त्यांना झोप नाही. सकाळी त्यांनी मधमाश्यांच्या एका पेटीच्या दर्शनी फळीवर चित्रच काढायला घेतलं: काळ्या झग्यात मी, समोर आरोपी मेव्हणा, आणि साक्षीला कोंबड्या. आजोबांनी बाकीच्या पेट्यांवर रंगवलेल्या संतांच्या शेजारी ती फळी बसणार आहे. मामा, पदवीचा कागद हातात आला तेव्हाही मला इतकं भरून आलं नव्हतं.

तुमची अभिमानी भाची,
येर्नेया

ता. क. मेव्हणा अजून खुराड्यातच आहे. एक कोंबडी त्याच्यावर उबवायला बसली आहे. ती उठल्याशिवाय काकू ताबा देणार नाहीत.

ता. क. पुन्हा. हे लिहून झाल्यावर मामींचा फोन आला. मित्रांना कॉफी पाजताना "बघा माझ्या बहिणीचं कुरण केवढं आहे" म्हणत तुम्ही, मेव्हणा ज्यावर चालतो त्या फोनवरच्या नकाशात बोटानं हद्द ओढलीत म्हणे, थेट डेलियांपर्यंत! मामा, ऑस्ट्रियात बसून बांध कोरलात! म्हणजे यंत्राला मर्जी-बिर्जी काही नव्हती, माझा थव्याचा दाखला गेला वाऱ्यावर.

ता. क. शेवटचं. मी बाबांना खरं सांगितलं. त्यांनी ब्रश उचलून फळीवर माझ्या मागे तुम्हाला काढलं, हातात फोन देऊन. डोक्यावरची शिंगं अजून नुसत्या पेन्सिलीनं आहेत. येत्या रविवारच्या जत्रेला डेलियांच्या कुंड्या घेऊन या आणि काकूंपुढे स्वतः उभे राहा. रंग तोवर थांबेल, असं बाबा म्हणतात.