कल्पिताचा जिताडा

दिपेश,

फ्रिजमध्ये जिताडा हाय. बाजारातला न्हाय, सकाळच्या भरतीला जेट्टीवर मी काढलाय. तुझ्याच गळाच्या रीलने! दर वेळी ती दोरीचा गुंता करते म्हणून तू आज तुझ्या दोस्ताला, साहिलला, देणार होतास, तीच रील. तू निवडलीस चांगली, जाड दोरी भरपूर बसते. पण गळ फेकला की तू हात काढून घेतोस. दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात पडलं तरी रीलचं चाक फिरतंच, मग गुंता होणारच. विहिरीत कळशी सोडताना मी दोर जसा तळव्यात अलगद धरते, तसा अंगठा चाकावर ठेवला आणि शिसं टेकताच दाबला. एकदाही गुंतली न्हाय.

"वहिनी, तुम्ही कालवण बघा," म्हणणारे तुझे दोस्त तिथंच होते. मी गळ टाकून बघते म्हटलं, त्या दिवशी तूही त्यांच्यासंगती हसलेलास. आज त्यांनीच मासा वर घ्यायला जाळी धरली.

मासा साफ करून ठेवलाय. कालवण तू बघ. रील आता मिळणार न्हाय, हे साहिललाही तूच सांग.

रील शोधू नको, संध्याकाळच्या भरतीला मी घेऊन गेलेय. जेवून जेट्टीवर ये. जाळी धरायला माणूस लागतो.

कल्पिता