मागच्या सीटची वाटणी

४ जाने. २००४, रवि.

सगळ्यात आधी आली ती दातांची डॉक्टरीण, आणि आली कुठं, तर धाकलीच्या दारात. फाटक दोन्ही घरांचं एकच, तिला काय ठाऊक. निळी फियाट थेट ओट्याशी लावली न् उतरली. धाकली म्हणजे माझी जाऊ यमुना. तिच्या-माझ्या घरामधे एक बांध, आणि बोलणं बंद. भास्कर, माझा मुलगा, इकडून हात हलवतोय, पण बाईंचं लक्ष कुठं. मला वाटलं यमुना पत्ता सांगून वाटेला लावील. तर तिनं बसवलं, चहा दिला. आल्याचा वास इथवर आला.

मग एकेक करत गाड्या आल्या. सगळ्या जुन्या आणि सगळ्या लग्नघरासारख्या नटलेल्या. भास्कर (आता भा.च लिहीन, बोटं दुखतात) या डॉ.बाईंकडं दाढ काढायला गेला होता, तिथं आपल्या फियाटचं बोलणं निघालं. यांचा क्लब आहे. म्हणे यंदा मखमलाबादला तुमच्याच खळ्यावर जमतो.

जमून करतात काय, हे मला बघायचं होतं. तर काहीच करत नाहीत. पुढचं झाकण उघडायचं आणि बारशाला बाया पाळण्यात डोकावतात तशी डोकी आत घालायची. "आवाज गोड आहे हो." "रंग मूळचाच का?" कुणाच्या वळणावर गेलीय तेवढं विचारायचं राहिलं. नाशकातल्या द्वारका चौकाकडचा एक ट्रान्सपोर्टवाला सरदारजी आहे, पांढरी अँबॅसिडर. चांगला धिप्पाड. भरीत-भाकरी खाताना म्हणाला, "माँजी, ठेचा जरा कमी तिखट झालाय," आणि रुमालानं डोळे पुसले.

मग डॉ.बाई आमच्या गाडीत डोकावल्या. मागं नुसत्या झेंडूच्या पाट्या. "सीट कुठंय?" भा. पाट्या नीट लावायला लागला. त्याच परत म्हणाल्या, "अहो, मी आत्ता बसून आले की तिच्यावर. त्या मावशींच्या ओट्यावर."

भा. स्वतःच्या चपलेकडं बघत राहिला.

५ जाने. सोम.

सीटचं लिहून टाकते, नाहीतर नातवंडं उद्या काहीही जोडतील.

भावाभावांची वाटणी झाली तेव्हा विहीर निम्मी-निम्मी, भांडी मोजून, मधे बांध. गाडी राहिली. पंच म्हणाले, गाडी थोरल्याला, धाकट्याला म्हैस. म्हैस दुभती होती, चांगली होती, मोरी म्हणायचो तिला, दावं नसलं तरी हलायची नाही. पण दीर म्हणाले, म्हैस नको, मी या गाडीत मागंच बसत आलो, माझं मागचं मला द्या. पाना आणला, सीट खोलली, डोक्यावर घेऊन चालायला लागले. आमचे हेही इरेला पेटलेले. म्हणाले, ने.

तेव्हापासून सीट यमुनाच्या ओट्यावर. तिच्यावर बसून मेथी निवडते, पापडांची राखण करते. रेक्झिन उसवलं तिथं गोधडीचे टाके घातलेत, इथून दिसतात. आमचं अडलं नाही. जागा झाली, फुलांच्या पाट्या मावायला लागल्या. बाजारात लोकांना वाटतं मुद्दामच काढली.

दीर गेले, मागोमाग हेही गेले. भांडण ज्यांचं होतं ते निघून गेले आणि आम्ही दोघी त्याची राखण करतोय.

पूर्वी मागं आम्हीच बसायचो. लासलगावला तिच्या माहेरी जाताना खिडकी तिची, कारण तिला गाडी लागायची. लिंबू माझ्याकडं असायचं. ते हुंगत हुंगत

भाकरी करपली. उठते.

१० जाने. शनि.

सरदारजी एकटाच आला. त्या दिवशी आमचा भोंगा वाजला नव्हता, तेवढ्यासाठी. तासभर खाली डोकं वर पाय. पैसे विचारले तर कानाला हात लावले, मेथीच्या दोन जुड्या तेवढ्या नेल्या. मी विचारलं, "तुम्ही सगळे एकमेकांचे कोण?"

"कोणी नाय माँजी. एकाची गाडी रस्त्यात बंद पडली, दुसरा थांबला. तेव्हापासून भेटतो."

घ्या. आणि इथं एका आईची लेकरं.

पुढच्या महिन्यात सगळ्या गाड्या रांगेनं गंगापूर धरणावर न्यायच्या म्हणतात. मी पण यायचं म्हणे. सरदारजी म्हणाला, "सीटची फिकर करू नका. मालेगावला भंगारात अशीच सीट बघून ठेवलीय. पुढच्या वेळी घेऊनच येतो."

भा. खूष. "चला, प्रश्न मिटला."

मी चहाचे कप उचलले. मिटला तर खरा. पण दुसरी सीट बसली, की ओट्यावर जी आहे ती कशाची सीट? आज ती आमच्या गाडीचं मागचं आहे. उद्या नुसतं बसायचं.

१७ जाने. शनि.

गल्लीत घरोघर हळदीकुंकू चाललंय. सुनेनं स्टीलच्या वाट्या आणल्यात लुटायला, बऱ्या आहेत, जरा पातळ. आम्हा दोघींना आता कुणी बोलावत नाही, आम्हीही जात नाही. बाया पुढून तिच्या दारात जातात, तिच्या सुनेला घेऊन आमच्याकडं येतात, आमच्या सुनेला घेऊन पुढं. सुना बोलतात एकमेकींशी, मला ठाऊक आहे, मी बघत नाही असं दाखवते. आम्ही दोघी दोन ओट्यांवर. ती मटार सोलत होती. मीही मटारच. निमित्त म्हणून बांध ओलांडावा तर आमच्यासाठी सणवारात निमित्तच उरलं नाही.

म्हणून हे गाडीवाले मला आवडले असतील. यांच्याकडं कुणालाही बोलावतात.

२२ जाने. गुरु.

भा.ला फोन लावायला सांगितला. सरदारजीला म्हटलं, सीट आणू नका.

भा. चिडला. "आई, अगं मागं काय कांद्याच्या गोण्या बसवायच्या का? सगळ्यांच्या गाड्या पूर्ण असतील."

म्हटलं, "आपली पण पूर्ण आहे. थोडी इकडं आहे, थोडी तिकडं."

"मग माग जाऊन काकीकडं."

मागायची नाही. मागितली की पुन्हा पंच आले, म्हैस आली. डॉ.बाईंनाही फोनवर तेच सांगितलं, त्या मधे पडायला निघाल्या होत्या. चांगली बाई आहे पण दात उपटायची सवय, सगळं एका झटक्यात व्हावं वाटतं.

२५ जाने. रवि.

गेले.

सकाळी कोथिंबीर खुडायला म्हणून बांधापर्यंत गेले. ती पलीकडं नळीनं पाणी धरत होती. काय बोलायचं ते आठवडाभर ठरवलं होतं, सगळं विसरले. म्हटलं, "यमुना, गाड्यावाले धरणावर चाललेत. मी चालले आहे. येतीस का?"

तिनं नळी खाली ठेवली. पाणी सगळं वाफ्याबाहेर. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बसू कुठं आक्का? तुमच्या मांडीवर?"

आक्का म्हणाली. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आवाज घोगरा झालाय तिचा. मला हसायला आलं. म्हटलं, "तुझी जागा तुझ्याकडंच आहे. लिंबू मी घेईन."

ती नळी बंद करून घरात गेली. हो नाही, नाही नाही. कोथिंबीर खुडायची राहिलीच. सून म्हणाली, एवढा वेळ काय केलंत? म्हटलं, पाण्याचं बोलत होते. खोटं नाही.

२८ जाने. बुध.

काही नाही. ओट्यावर ती, सीट, तांदूळ निवडते आहे. एकदा वर बघितलं. मी हात वर केला तर तेवढ्यात खाली बघितलं. की आधीच बघितलं होतं?

१ फेब्रु. रवि.

क्लब पुन्हा आला, तारीख ठरवायला. या वेळी गाड्या दोन्ही खळ्यांवर लावल्या, जागा पुरेना. यमुनानं कुणाला नको म्हटलं नाही. सरदारजी रिकाम्या हातानं आला, सीटचं अवाक्षर नाही, ठेचा मात्र मागून घेतला.

डॉ.बाई सवयीनं तिकडंच चहाला गेल्या. परत आल्या त्या हळू आवाजात, "आजी, आज मला चटईवर बसवलं. सीट नाहीये ओट्यावर."

मी बघितलं. खरंच नाही. भिंतीवर सीटच्या आकाराची पांढरी जागा तेवढी, पोपडे न गेलेली.

"कुठंय म्हणाली?"

"विचारलं. म्हणाल्या, ढेकूण झाले होते."

भा. म्हणतो, विकली असेल, नाहीतर तुला दिसू नये म्हणून आत टाकली. सून म्हणते, परवा काकींचा नातू टेम्पोतून काहीतरी गोधडीत गुंडाळून घेऊन गेला, पंचवटीकडं. तिकडं भंगारवालाही आहे आणि गादीवालाही. मला जे वाटतं ते मी लिहीत नाही. लिहिलं की होत नाही.

संध्याकाळी भा.ला गाडीतल्या पाट्या काढायला लावल्या. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या किती निघाल्या, सुपली भरून. खाली सीट बसवायची भोकं आहेत, मातीनं बुजलेली. ती मी डोक्यातल्या पिनेनं मोकळी केली. भा. बघत होता, मग त्यानंच पाणी आणून दिलं.

तारीख ठरली ती पण गंमतीची, चार वर्षांतून एकदा येणारी. जाताना सरदारजीनं भोंगा आधी तिच्या दारात वाजवला, मग माझ्या, आणि दोन्हीकडं तेच सांगितलं. लिंबं आहेत झाडाला.

२९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी आठला. येतो म्हणालेत सगळे.