अकरावी खेप

गडमुडशिंगी,
रविवार सकाळ

प्रिय संघर्ष,

तुझे अकरा खरे होते. हे आधी लिहितो, खुशाली मागाहून.

गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेतला ओव्हन बिघडला. शाहूपुरीतला मिस्त्री रोज ‘उद्या देतो की’ म्हणत राहिला. शेवटी मी उत्प्रेरक ओलाच वापरला. आपल्याच जुन्या कृतीचा, उसाच्या चिपाडाच्या तंतूंवर पॅलेडियमचे कण बसवलेला. आठवतं ना, बिद्रीहून चिपाडाचं पोतं एसटीच्या टपावर टाकून आणलं होतं? गाळला, अल्कोहोलनं धुतला, तसाच पुढच्या खेपेला घातला. अकराव्या खेपेलाही क्रिया पहिल्यासारखी पुरी झाली. वीस वर्षांपूर्वी तुझ्या वहीत हाच आकडा होता. माझ्या हातात उत्प्रेरक तिसऱ्या खेपेलाच थकायचा.

आमच्या आईनं, बायडाबाईनं, घरात ओलं काही साठवू दिलं नाही. जोंधळा दाताखाली कटकन फुटेपर्यंत उन्हातच. मीही प्रत्येक खेपेनंतर उत्प्रेरक कडकडीत वाळवायचो. हे तंतू एकदा असे वाळले की आक्रसून मिटतात आणि धातूचे कण आत कोंडले जातात. तू ओलाच वापरायचास, तो मला आळस वाटायचा. एकदा सगळ्यांसमोर म्हणालास, ‘पावणं, जोंधळं हाय काय ते, कणगीत भराय?’ सगळे हसले. मला ते फार झोंबलं. उत्तर त्या थट्टेतच होतं.

आमची लेक सोनम यंदा बारावीला आहे. रसायनशास्त्र नको म्हणते.

सकाळी वंदनेत पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज उतरतो. आपल्या मार्गदर्शक सरांनी या उत्प्रेरकाचं प्रकरण तुझ्या प्रबंधातून काढायला लावलं आणि तू पीएचडी सोडून इचलकरंजीला नोकरी धरलीस. तुझ्या आकड्यांची शंका सरांना स्वतःलाच आली, असं तू आजवर समजतोस. ‘संघर्ष वहीत मनानं आकडे भरताना मी पाहिलं,’ असं त्यांना मी सांगितलं होतं. पाहिलं नव्हतं. परवा सरांच्या घरी जाऊन हे कबूल केलं. ते एवढंच म्हणाले, ‘त्याला सांगितलंस?’ म्हणून हे पत्र. शोधनिबंध लिहून तयार आहे, पहिलं नाव तुझं आहे, आकडे तुझ्या वहीतले आणि माझे शेजारी शेजारी. तू नको म्हणालास तर तो कुठंही जाणार नाही. पण बोलायचं ते इथं येऊन बोल, शिव्या देखील. ओव्हन दुरुस्त होऊन आलाय, बंदच ठेवलाय. उत्प्रेरक बाटलीत ओला आहे. बारावी खेप मी लावलेली नाही.

तुझाच पावणा,
प्रसेनजीत